शेवाळाची वीज: आधी रेझिस्टर लावा, मग नॅनोट्यूब आणा

काचेच्या बरणीत हिरवं पाणी, त्यात बुडवलेल्या दोन पट्ट्या, वर एलईडीचा दिवा आणि मल्टिमीटरवर ३०० मिलिव्होल्ट. विज्ञान प्रदर्शनात असा प्रयोग टाळ्या घेतो. 'यावर घर चालेल का?' असं परीक्षक विचारतात आणि 'पुढेमागे नक्की चालेल' असं मुलं सांगतात. या सगळ्यात रेझिस्टर, म्हणजे सेलकडून प्रत्यक्ष प्रवाह घेणारा भार, कुठे जोडलाय, हे कुणीच विचारत नाही.

मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो सेलकडून जवळपास काहीच प्रवाह घेत नाही. लिंबात जस्ताची आणि तांब्याची पट्टी खोचली तरी त्यावर ९००च्या आसपास मिलिव्होल्ट दिसतात, आणि त्यात शेवाळाचा काही संबंध नसतो. त्या बरणीला १०० किलोओहमचा रेझिस्टर जोडा आणि दहा मिनिटं थांबा. व्होल्टेज २०० मिलिव्होल्टवर टिकलं तर प्रवाह २ मायक्रोअँपिअर आणि शक्ती ०.४ मायक्रोवॅट. एवढी मिळाली तरी सेल चांगला म्हणायचा. व्होल्टेज घसरून ४० मिलिव्होल्टवर आलं तर शक्ती उरते ०.०१६ मायक्रोवॅट. व्होल्टेज पाचपट घटलं की शक्ती पंचवीसपट घटते, आणि प्रदर्शनातला आकडा नेमका इथे गळून पडतो.

हे सांगायचं कारण असं की कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, घालून प्रकाशाची वीज करण्याचा आणि तिच्यावर जैवइलेक्ट्रॉनिक उपकरणं चालवण्याचा विषय आता संशोधनपत्रिकांतून कॉलेजच्या प्रोजेक्टपर्यंत उतरू लागला आहे. त्यासाठी अनुदान मागितलं जाईल, ते मिळेलही. नाशिकच्या कॉलेजांनी या विषयात जरूर पडावं, असं आमचं मत आहे. मात्र वीजनिर्मितीच्या नावाखाली पडू नये, आणि पहिलं वर्ष नॅनोट्यूबला हातही लावू नये.

मुळात काय झालंय ते पाहू. २०२२ साली दोन शोधनिबंध आले आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यांची सरमिसळ सहज होते. केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने पेन्सिल सेलच्या आकाराच्या डबीत नीलहरित शेवाळ ठेवून आर्म कॉर्टेक्स-एम०+ जातीचा मायक्रोप्रोसेसर सहा महिन्यांहून जास्त काळ चालवला. गणितं करताना तो साधारण ०.३ मायक्रोवॅट घेत होता. त्यात नॅनोट्यूब नव्हत्या. अ‍ॅनोड, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणारी पट्टी, अ‍ॅल्युमिनियमची होती, आणि अ‍ॅल्युमिनियम स्वतः गंजतानाही इलेक्ट्रॉन देतं, त्यामुळे शेवाळाचा वाटा किती आणि धातूचा किती हा प्रश्न तिथे उभा राहतोच. दुसरं काम स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या ईपीएफएल संस्थेतलं, आर्देमिस बोगोसियन यांच्या गटाचं. त्यांनी एकपदरी नॅनोट्यूबना लायसोझाइम या प्रथिनाचं आवरण चढवून त्या सिनेकोसिस्टिस नावाच्या शेवाळाच्या पेशींत शिरवल्या. पेशी विभागली की नॅनोट्यूब लेकींच्या वाट्याला आल्या, आणि प्रकाशात मिळणारा प्रवाह वाढला.

नॅनोट्यूब तिथे नेमकं काय करते? प्रकाशसंश्लेषणात पाण्याचा रेणू फुटून सुटलेला इलेक्ट्रॉन पेशीच्या आतल्या पडद्यात असतो. त्याला बाहेरच्या इलेक्ट्रोडपर्यंत यायचं तर पेशीरस, आतली पटलं, पेशीभित्तिका, बाहेरचं पटल असं सगळं ओलांडावं लागतं. बहुतेक इलेक्ट्रॉन वाटेतच पेशीच्या स्वतःच्या कामाला लागतात. जेमतेम एक नॅनोमीटर जाडीची आणि शेकडो नॅनोमीटर लांबीची नळी त्या वाटेवर तारेसारखी पडते.

नॅनोट्यूब स्वतः प्रकाश शोषून वीज करते, हा धंदा अगदी निराळा. अर्धवाहक नळीत प्रकाशाने तयार झालेली इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनने सोडलेली रिकामी जागा) यांची जोडी ०.३ ते ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टने एकमेकांना बांधलेली असते, आणि खोलीच्या तापमानातली उष्णता असते ०.०२५. ती जोडी आपसूक सुटत नाही. फुलरीनसारखा (कार्बनच्या अणूंचा पोकळ गोळा) दुसरा पदार्थ शेजारी ठेवून सोडवावी लागते. प्रस्तावात 'नॅनोट्यूब प्रकाशाचं विजेत रूपांतर करतात' असं मोघम वाक्य दिसलं की यातलं कोणतं काम अभिप्रेत आहे, हे विचारावं. उत्तर अडखळलं तर प्रस्ताव परत करावा.

आता हिशोब. नाशिकच्या भर दुपारच्या उन्हात एक चौरस सेंटिमीटर सिलिकॉनचा चांगला सेल २० मिलिवॅटच्या आसपास देतो, म्हणजे आपल्या बरणीच्या पन्नास हजार पट. नॅनोट्यूबने बरणीची शक्ती दहापट झाली असं धरलं तरी पाच हजारपटींचा फरक उरतो. बरं, सेन्सर तरी चालेल? लोरा या बिनतारी पद्धतीने एक छोटा संदेश पाठवायला ३.३ व्होल्टवर ४० मिलिअँपिअर, ५० मिलिसेकंद लागले असं धरा. ऊर्जा होते ६.६ मिलिजूल. ती ०.४ मायक्रोवॅटने साठवायला साडेचार तास लागतील. पण साठवायची कशात? एक फॅरडच्या सुपरकपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या घटकाची) गळतीच काही मायक्रोअँपिअरची असते. ३ व्होल्टवर ती मिळणाऱ्या शक्तीच्या कितीतरी पट भरते. टाकीला पडलेलं भोक नळाच्या धारेपेक्षा मोठं, असा प्रकार. शिवाय कमी व्होल्टेज वाढवून देणाऱ्या बीक्यू२५५७०सारख्या चिपला रिकाम्या अवस्थेतून जागं व्हायला ०.६ व्होल्ट लागतात. मग दोन-तीन सेल ओळीने जोडायचे म्हटलं तर प्रत्येकाचं पाणी वेगळं ठेवावं लागतं. एकाच बरणीत ओळजोड केली की पाण्यातूनच शॉर्ट होतं आणि बेरीज शून्याकडे जाते.

म्हणजे वीज म्हणून हा व्यवहार आतबट्ट्याचा. द्राक्षबागेतल्या हवामान केंद्राला शेवाळाची बॅटरी लावायची कल्पना नाशिकमध्ये कुणालाही पहिल्यांदा सुचेल, आणि ती तर दुहेरी फसलेली आहे. एक म्हणजे तिथे वहीएवढं सौर पॅनेल आधीच बसलेलं असतं. दुसरं मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. द्राक्षावरच्या डावणी रोगासाठी मारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. शेवाळ ज्या बीजी-११ द्रावणात वाढवतात त्यात लिटरमागे मोरचूद असतं जेमतेम ०.०८ मिलिग्रॅम. फवाऱ्यात त्याच्या सव्वालाखपट. शेततळ्यातलं शेवाळ मारायला शेतकरी मोरचूद टाकतात, ते उगीच नाही. एका फवारणीचे तुषार आत गेले की सेलची तेरवीच.

पण हाच दोष उलटा करून पाहा. जो सेल तांब्याच्या चिमटीने मान टाकतो, तो पाण्यात तांबं आलं हे ताबडतोब सांगतोही. डाययुरॉनसारखं तणनाशक प्रकाशसंश्लेषणाची साखळी पहिल्याच टप्प्यावर अडवतं. ते पाण्यात उतरलं की प्रवाह मिनिटांत पडतो. म्हणून नाशिकसाठी याचं मोल खबऱ्याचं आहे. वीज साध्या लिथियम सेलची किंवा छोट्या पॅनेलची घ्या. शेवाळाचा प्रवाह हा फक्त संकेत समजा. मग २ मायक्रोअँपिअर अगदी भरपूर होतात, आणि नॅनोट्यूबने संकेत दुप्पट-तिप्पट स्वच्छ झाला तर त्या वाढीला अर्थ येतो. पाण्यात बुडवलेल्या साध्या सेन्सरवर काही आठवड्यांत शेवाळ चढून तो आंधळा होतो. इथे शेवाळच सेन्सर आहे, हीही एक गंमत.

गोदावरीला असा खबऱ्या हवाच आहे. २०२७च्या सिंहस्थासाठी नदीच्या पाण्यावर यंत्रं बसवण्याची चर्चा होत राहणार. तेव्हा एक गोष्ट आत्ताच ठणकावून सांगायला हवी: हे उपकरण सांडपाण्यातले जंतू ओळखत नाही. मैलापाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाला तर शेवाळ उलट खूश होईल. 'गजर वाजला नाही, म्हणजे रामकुंडाचं पाणी शुद्ध' असा फलक कुणी लावला तर ती भाविकांची फसवणूक ठरेल. धातू, तणनाशक, एखाद्या रसायनाचा अचानक लोंढा एवढीच त्याची हद्द. तिथेही 'काहीतरी आलंय' एवढंच तो सांगतो, काय आलंय ते नाही. गजर वाजला की एक लिटरची बाटली भरायची, धातू तपासायचे तर नायट्रिक आम्ल घालून पीएच २च्या खाली आणायचा, आणि प्रयोगशाळेत धाडायची.

पहिल्या वर्षाचं काम साधं आणि चिवट आहे. बीजी-११ मध्ये लिटरला १.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट, बाकी क्षार मिलिग्रॅमच्या हिशोबात. पाणी डिस्टिल्ड, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सुरुवातीलाच घात करतं. ३० अंश तापमान, मंद प्रकाश. थेट उन्हात ठेवलेली बरणी पिवळी पडते आणि दोष बियाण्याला दिला जातो. आठवड्याभरात दाट झालेलं शेवाळ सेंट्रिफ्यूजने खाली बसवून चार चौरस सेंटिमीटर कार्बन कापडावर पसरायचं आणि रात्रभर चिकटू द्यायचं. अ‍ॅनोड कार्बनचाच ठेवायचा. अ‍ॅल्युमिनियम, जस्त, तांबं यांपैकी काही पाण्यात असलं तर आपण गंज मोजत बसतो.

मग वीस मिनिटं उजेड, वीस मिनिटं अंधार, असं दिवसभर. शेवाळाचा प्रतिसाद सेकंदा-मिनिटांत चढतो, दिवा गेला की उतरतो आणि प्रत्येक फेरीत तसाच येतो. दिव्याच्या उष्णतेने होणारा बदल संथ, वर वर सरकणारा असतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की डोळ्यालाच कळतं. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) वापरत असाल तर त्याला काळी टेप गुंडाळा. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशाला संवेदनशील असतं; उघड्यावर ठेवलेला इलेक्ट्रोड दिव्यासरशी सरकतो आणि तो सरकणं 'प्रकाशप्रवाह' म्हणून छापलं जाऊ शकतं.

यानंतर खऱ्या कसोट्या. शेवाळाशिवाय नुसतं द्रावण. उकळून मारलेलं शेवाळ. आणि डाययुरॉन: १० मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला २.३ मिलिग्रॅम. ते पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून इथेनॉलमधून घालायचं, आणि तेवढंच इथेनॉल दुसऱ्या बरणीत एकटं घालून पाहायचं. प्रवाह बऱ्यापैकी पडला तर तो प्रकाशसंश्लेषणाचा होता. तो पूर्ण शून्य होणार नाही, कारण साठवलेल्या साखरेच्या ज्वलनातले इलेक्ट्रॉनही त्याच साखळीतून येतात. प्रवाह तसूभरही हलला नाही, तर वर्षभराचं काम धातूच्या गंजावर किंवा दिव्याच्या उष्णतेवर उभं होतं असं समजावं. ते प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलांना पूर्ण गुण द्यावेत.

मोजणीच्या सर्किटमध्येही एक खड्डा आहे. एडीएस१११५ हे एडीसी (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारी चिप) स्वस्त, सोळा बिटचं, सगळ्यांच्या खणात असतं. ते सर्वांत बारीक, ०.२५६ व्होल्टच्या पट्टीवर लावलं की त्याचा दोन टोकांमधला इनपुट रोध ७१० किलोओहमपर्यंत उतरतो. आपल्या १०० किलोओहमच्या रेझिस्टरला तो समांतर बसतो आणि भार १२ टक्क्यांनी बदलतो. मधे एक ऑप-अँप (सेलवर भार न टाकता व्होल्टेज पुढे देणारी चिप) बफर म्हणून टाकला की प्रश्न मिटतो.

नाशिकचं हवामान हा आणखी एक मुद्दा. निफाडला थंडीत पारा ५ अंशांच्या खाली जातो, एप्रिल-मेमध्ये ४०च्या पुढे. थंडीने प्रवाह निम्म्यावर आला तर यंत्र विष आल्याची बोंब मारेल. म्हणून शेवाळाचा सेल असलेल्या कुप्या दोन हव्यात: एकीत नदीचं पाणी, दुसरीत गाळून स्वच्छ केलेलं ओळखीचं पाणी, दोन्ही एकाच पेटीत आणि एकाच दिव्याखाली. गजर दोन्हींच्या गुणोत्तरावर लावायचा. एकट्या कुपीचा प्रस्ताव आला तर तो कागदावरच नापास करावा.

एवढं जमलं की नॅनोट्यूब. त्या पुडीत काळ्या काजळीसारख्या दिसतात आणि पाण्यात विरघळत नाहीत, एकमेकींना दोरखंडासारख्या चिकटतात. नुसत्या ढवळून टाकल्या तर पेशीत एकही जात नाही. तळाशी काळा गाळ बसतो आणि इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ वाढल्याने प्रवाह थोडा वाढलेला दिसतो. झालं, 'नॅनोट्यूबमुळे वाढ' असा निष्कर्ष! साबणासारखी रसायनं त्यांना मोकळं करतात, पण तीच पेशीचं पटलही फोडतात. म्हणून प्रथिनाचं किंवा डीएनएचं आवरण. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम नळ्या, बर्फात ठेवलेलं भांडं, दांडीचा सोनिकेटर, आणि मग अतिवेगवान सेंट्रिफ्यूज. कॉलेजमधल्या चार हजार फेऱ्यांच्या यंत्रात दोरखंड खाली बसत नाहीत. सोनिकेटरची दांडी झिजून टायटॅनियमचे कणही द्रावणात उतरतात, ते याच टप्प्यावर जायला हवेत. मिळालेलं द्रावण खरंच सुटं आहे का, हे वर्णपटमापकावर दिसतं: ६-५ या विशिष्ट रचनेच्या नळीचं प्रकाश शोषण्याचं शिखर ९९० नॅनोमीटरच्या सुमारास, म्हणजे ११०० नॅनोमीटरपर्यंत जाणाऱ्या साध्या यंत्राच्या आवाक्यात येतं. शिखर टोकदार असेल तर नळ्या सुट्या, पसरट टेकाड असेल तर गठ्ठे.

दोन कसोट्या इथे वाढतात. नळ्या आहेत पण शेवाळ नाही, अशी बरणी. कारण नळ्या बनवताना वापरलेलं लोखंड किंवा कोबाल्ट त्यात शिल्लक राहतं आणि स्वतःच रासायनिक प्रवाह देतं. आणि लायसोझाइम आहे पण नळ्या नाहीत, अशी बरणी. लायसोझाइम अंड्याच्या पांढऱ्यातून मिळतं आणि जिवाणूंच्या भिंती खाणं हेच त्याचं काम. नीलहरित शेवाळ म्हणजे शेवटी जिवाणूच. त्याची भिंत सैल झाल्याने प्रवाह वाढला असेल तर श्रेय नॅनोट्यूबने का घ्यावं? जास्तीचं प्रथिन डायलिसिसने काढून टाकल्याची नोंद नसेल तर आकड्यांवर भरवसा ठेवू नये.

शरीरात बसवायच्या उपकरणांबद्दल थोडक्यात. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ असल्याने हा प्रश्न इथे निघणारच. जिवंत शेवाळ शरीरात घालायचा प्रश्न येत नाही; तिथे उजेड पोहोचत नाही. त्वचेतून थोडाफार आत जातो तो जवळचा अवरक्त प्रकाश, आणि ८०८ नॅनोमीटरला त्वचेवर दीर्घकाळ टाकता येणारी सुरक्षित मर्यादा चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३३ वॅट आहे. नॅनोट्यूबच्या पातळ पापुद्र्यांनी डोळ्याच्या पडद्याला उद्दीपन देण्याचे प्रयोग परदेशी प्रयोगशाळांत झाले आहेत. आपल्याकडे तूर्त ते वाचावेत, शिकवावेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांची घाई नको.

सुरक्षिततेवर मात्र तडजोड चालणार नाही. मित्सुई कंपनीच्या एमडब्ल्यूएनटी-७ या बहुपदरी नॅनोट्यूबला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता' असलेल्या २-ब गटात टाकलं. लांब, ताठ नळ्या उंदरांच्या पोटाच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉससारखी सूज आणतात, हे २००८ सालीच दिसलं होतं. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायोश संस्थेने २०१३ साली कामाच्या जागी हवेत घनमीटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नॅनोट्यूबचं नावही नव्हतं. म्हणजे कायद्याने सांगण्याची वाट न पाहता काळजी कॉलेजने घ्यायची आहे, आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत छताला पंखा असतो. त्या पंख्याखाली कोरडी पूड वजनकाट्यावर घेणं म्हणजे ती सगळ्या वर्गाच्या फुप्फुसांत वाटणं. पूड विकत घेऊच नये. पाण्यात आधीच पसरवलेलं द्रावण घ्यावं. थोडं महाग पडलं तरी चालेल.

धुण्याचं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर ते मलनिस्सारण केंद्रातून गाळात आणि गोदावरीत जातं. ऑटोक्लेव्हने (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राने) शेवाळ मरतं, नळ्या तशाच राहतात. सगळं पाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवावं, आटवावं आणि जाळण्यासाठी द्यावं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांतल्या भट्टीची पहिली खोली ८०० अंशांची असते आणि त्या उष्णतेत हवेत कार्बन जळून जातो. अनुदान देणाऱ्यांनी या भट्टीवाल्याशी केलेला करार अर्जासोबतच मागावा. नळ्या असलेली कुपी नदीत कधीच बुडवू नये. पंपाने पाणी कुपीपर्यंत आणावं आणि कुपीतून बाहेर पडणारं पाणी गाळणीतून कॅनमध्येच जावं. मिनिटाला अर्धा मिलिलिटर ओघ ठेवला तर दिवसाला ७२० मिलिलिटर होतात, कॅन आठवड्याने बदलता येतो.

हे उपकरण जागेवर मांडताना पहिली कुपी गंगापूर धरणाच्या बाजूला, तुलनेने स्वच्छ पाण्यावर ठेवावी, दुसरी तपोवनाच्या खाली. वर्षभराच्या नोंदी हातात असल्याशिवाय गजराची पातळी ठरवता येणार नाही. आणि सर्वांत अवघड काळ नेमका सिंहस्थाचाच: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गोदावरी चहाच्या रंगाची असते, अशा पाण्यात कुपीपुढची बारीक गाळणी तुंबायला वेळ लागत नाही. वाळूचा थर, त्यापुढे कापडी गाळणी, आणि दर अर्ध्या तासाने उलट दिशेने पाणी सोडून धुणं, असा तोडगा सुचतो. तो टिकतो का, हे या पावसाळ्यातच पाहून घ्यावं लागेल, आणि त्यासाठी नॅनोट्यूबची काही गरज नाही.